पडद्याची मागली बाजू

नवा चुना लावलेल्या भिंतीचा वास आला, की ती घटना मला आजही आठवते. साल बहात्तरच्या आसपासचं. मी पाथर्डी तालुक्यात फौजदार होतो.

तिसगावजवळच्या एका गावात शाळेतल्या ख्रिस्ती बाई अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हक्कांवरचा माहितीपट गावाला दाखवणार होत्या. सिनेमाचं मशीन नगरहून येणार, मराठीत सांगणार बाई स्वतः. खेळाच्या दिवशी सकाळी पोलीस पाटील ठाण्यात आले. शाळेपुढच्या पटांगणात आदल्या संध्याकाळी बांधलेला ग्रामपंचायतीचा पडदा गायब होता, आणि दलित वस्तीतला एक तरुण तिथे दिसला होता, अशी खबर त्यांनी दिली. सरपंचांना गुन्हा नोंदवून हवा होता.

त्या तरुणाला शिक्षकाची नेमणूक मिळाली होती. त्याच्या चारित्र्याच्या दाखल्याचा कागद माझ्याच टेबलावर सहीसाठी पडून होता. गुन्हा नोंदला असता तर त्याची नोकरी तिथेच संपली असती.

जागेचा पंचनामा केला. चोर घाईत असतो, तो दोर कापतो. इथे गाठी सोडून दोर नीट गुंडाळून ठेवलेला. चोर भारीच टापटिपीचा दिसतो, असं हवालदार म्हणाला.

तरुणाला ठाण्यात आणून मी सवयीने आवाज चढवला. तो डगमगला नाही. नेमणुकीचा हुकूम बाईंना दाखवायला गेल्तो, एवढंच सांगत राहिला. मग म्हणाला, "पडदा नेऊन आमचंच नुकसान, साहेब. म्होरं गाव बसतं, आमी मागनं बघतो. आमाला पडद्यावरची समदी मान्सं डावखुरी दिसत्यात. पर दिसत्यात तरी."

मला आधी हसू आलं, मग लाज वाटली. इतक्या खेळांना मी बंदोबस्ताला गेलो, पण दर वेळी पुढे खुर्ची टाकून बसलो. पडद्यामागे कधी गेलोच नव्हतो.

त्याचं म्हणणं पडताळायला तिथून थेट शाळेत गेलो. पटांगणाकडची भिंत पांढरीशुभ्र, चुना अजून ओला. ऐन सत्रात कुठली शाळा भिंत रंगवते? बाईंची बोटं चुन्याने भेगाळली होती. मी विचारताच त्यांनी नकाशांच्या कपाटातून घडी घातलेला पडदा काढला.

"पडद्याला दोन बाजू असतात, साहेब. भिंतीला एकच. हा माहितीपट मी कुणालाही मागे बसवून दाखवणार नाही."

मी चिडलो. तुमच्या पायी एक पोरगा ठाण्यात बसलाय, असं सांगितलं. बाईंनी पडदा माझ्या हातात ठेवला. हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. "त्याला सोडा, माझं नाव लिहा," एवढंच म्हणाल्या.

मी कुणाचंच नाव लिहिलं नाही. पडदा शाळेत सुस्थितीत मिळून आला, अशी नोंद करून दाखल्यावर सही ठोकली. सरपंच कुरकुरले. खेळ भिंतीवरच होईल आणि बंदोबस्त माझा असेल, असं मी त्यांना बजावलं.

संध्याकाळी काही मंडळी उठून गेली, बरीच बसली. गाव आणि वस्ती यांच्यात हातभर जागा सुटली होती, पण बाजू एकच होती. बसमधल्या वेगळ्या जागा, पाण्याचे वेगळे नळ. बाई एकेक सांगत होत्या. मग भिंतीवर एक म्हातारा कागदावर सही करताना दिसला. त्या तरुणाची आई माझ्याजवळच बसली होती. ती हलकेच लेकाला म्हणाली, "आरं, ह्यो तर उजव्या हातानं लिव्हतोय."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, कुठल्याही बंदोबस्ताला गेलो की खुर्चीत बसण्याआधी मी एकदा मागच्या बाजूला जाऊन येत असे.