बाणबाई आणि नऊ मिनिटांचा वळसा

भुयारी रेल्वेच्या सगळ्यात मोठ्या जंक्शनवर तिला सगळे बाणबाई म्हणत. एकवीस वर्षं तिचं काम एकच: शिडीवर चढायचं, जुनी पाटी उतरवायची, नवी लावायची. बाहेर जायचं कुठून, कुठली गाडी कुठे, स्वच्छतागृह कुठे, हे अख्ख्या शहराला सांगणारी ही बाई स्वतः रस्त्यावर आली की डावं-उजवं विसरायची. नवरा म्हणायचा, "हिला जमिनीखालीच बरं. वर आली की हरवते."

पाटीवर खोटं लिहायचं नाही, एवढं एक तिने पाळलं होतं. पण हिरव्या मार्गावरून लाल मार्गावर जाणाऱ्यांची अरुंद जिन्यावर रेटारेटी व्हायला लागली, तेव्हा साहेबांनी तिला बोलावलं.

"जिन्याची पाटी काढा. बाण लांबच्या बोगद्याकडे फिरवा."

"साहेब, तिकडून नऊ मिनिटं लागतात. जिन्याने दोन."

"लोकांना कुठे माहीत आहे?"

तिने बाण फिरवला. चार दिवस घशाखाली घास उतरेना. पाचव्या दिवशी उतरला. सहा वर्षं हजारो माणसं रोज तिच्या बाणामागून मुकाट चालली, आणि गर्दी-नियोजनाचं मानचिन्ह साहेबांच्या टेबलावर आलं.

मग नवऱ्याची आत्या राहायला आली. निवृत्त मुख्याध्यापिका, गुडघे कुरकुरणारे, जीभ मात्र ठणठणीत. पहिल्याच दिवशी ती जंक्शनवर पाट्या वाचत निघाली आणि अख्खा वळसा घालून, घामाघूम होऊन लाल फलाटाच्या बाकावर टेकली. समोर एक जिना होता. त्याच्या वरच्या टोकाला तिला फुलवाल्याचा ठेला दिसला. मघाशी तिथूनच तर ती निघाली होती!

घरी येताच तिने विचारलं, "सूनबाई, ती पाटी कुठल्या गाढवाने लावली?"

बाणबाई कांदा चिरत होती. "मीच लावली, आत्या. साहेबांनी सांगितलं म्हणून."

"शाळेत कार्टी हेच सांगायची. 'बाई, मला त्याने सांगितलं!'"

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या छत्री घेऊन बोगद्याच्या तोंडाशी उभी. "इकडे कुठे निघालात मेंढरांसारखे? जिन्याने जा! दोन मिनिटं!" मुख्याध्यापिकेचा आवाज तो, माणसं निमूट वळली. अर्ध्या तासात एका गृहस्थाची पेटी कठड्यात अडकली आणि जिना तुंबला. ना कुणी वर, ना कुणी खाली. साहेब धावत आले.

"आजी, हा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

"आणि खोटं बोलायचा तुम्हाला कुणी दिला?"

बाणबाई शिडी धरून मधोमध उभी. पंचाईत अशी की दोघांचंही बरोबर होतं. जिन्याला खरंच एवढी माणसं झेपत नव्हती, आणि बाण खरंच खोटा होता.

ती म्हणाली, "साहेब, दोन्ही लिहू या."

"काय लिहायचं ते लिहा, पण आधी ह्यांना घरी न्या!"

हीच परवानगी, असं धरून तिने दुपारी नवी पाटी ठोकली: 'जिना, ८४ पायऱ्या, दोन मिनिटं. बिनपायऱ्यांची वाट, नऊ मिनिटं.'

सकाळी साहेब जीव मुठीत धरून बघायला आले. माणसं पाटीपाशी थबकत, चौऱ्याऐंशीचा आकडा वाचत, स्वतःच्या पोटाकडे बघत आणि तिघांतले दोघे आपणहून बोगद्याकडे वळत. साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. मग म्हणाले, "मी हेच सुचवणार होतो."

महिन्याभराने एकाच दिवशी दोन कागद आले. लेखी आदेशाविना पाटी बदलली म्हणून मेमो, आणि अकरा स्टेशनांवर तशाच पाट्या लावायचा लेखी आदेश. नवऱ्याने मेमो फ्रेम करून भिंतीवर लावला. बाणबाई पायऱ्या मोजायला निघून गेली.