मामांची गाडी, मामींचा फ्रिज

पानिपतावर माझ्या बायकोच्या मामांइतकं बोललेला आणि पानिपताला त्यांच्याइतका न पोचलेला दुसरा माणूस दिल्लीच्या आसपास शोधून सापडायचा नाही. लढाईच्या आधी छावणीत धान्य किती उरलं होतं हे ते अशा थाटात सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, कोठीच्या किल्ल्या यांच्याच कनवटीला होत्या. मराठे का हरले, याबद्दल त्यांचा स्वतःचा सिद्धान्त होता. शौर्य कमी पडलं नाही, डावपेचही फारसे चुकले नाहीत. घरापासून इतक्या लांब आल्यावर स्पेअर पार्ट मिळाले नाहीत, एवढंच. हा सिद्धान्त काही त्यांना ग्रंथ वाचून सुचलेला नव्हता. त्यांच्याकडे एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार होती.

मामा फरीदाबादच्या एका कारखान्यात इंजिनियर होते आणि राहायला कारखान्याचंच क्वार्टर होतं. चाणक्यपुरीतला एक गोरा साहेब मायदेशी परतायला निघाला होता आणि घरातलं सामान विकून टाकत होता. त्याचा फ्रिज चांगला आहे असं मामींच्या कानावर आलं, म्हणून त्यांनी मामांना पाठवलं. मामा गेले, फ्रिज उघडून पाहिला, आतला दिवा लागतोय असं म्हणाले, आणि मागच्या अंगणात कडुनिंबाखाली उभी असलेली हिरवी, बुटकी, दोन माणसांची गाडी घेऊन घरी आले. तिचं छप्पर कापडाचं, तेही निम्मं उंदरांनी खाल्लेलं. मामी दारात आल्या, गाडीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एवढंच विचारलं, "यात बर्फ कुठे होतो?" त्या दिवसापासून मामींच्या तोंडी गाडीचं नाव 'फ्रिज' पडलं. दिल्लीच्या जानेवारीत, धुक्यात, उघड्या टपानं तुम्ही एकदा तीत बसलात, तर तुम्हीही दुसरं नाव घेणार नाही.

त्या गाडीची निगा म्हणजे एक व्रत होतं आणि त्याचं उद्यापन कधी होत नसे. जगातल्या सगळ्या गाड्यांचे नट मिलिमीटरच्या मापाचे असले तरी हिचे इंचाचे. त्यामुळे मामांचा प्रत्येक रविवार जामा मशिदीमागच्या कबाडी बाजारात त्या मापाचे पाने धुंडाळण्यात जायचा. त्यात इंजिनाला कार्बुरेटर दोन. दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे, नाहीतर एक जाऊ राबतेय आणि दुसरी माहेरी गेलीय अशा घरासारखी गाडीत धुसफूस सुरू होते. हे तपासायला मामा गॅसच्या रबरी नळीचं एक टोक कानात घालत आणि दुसरं कार्बुरेटरच्या तोंडाशी धरून डोळे मिटून बसत. "दोघांचा षड्ज लागला पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. नळी जुनी असायची, पण नेहमीच नाही. एका सकाळी चहाचं आधण ठेवायला गेलेल्या मामींना शेगडी आणि सिलिंडर एकमेकांपासून मोकळे सापडले, आणि त्या दिवशी घरात वेगळाच षड्ज लागला.

खरं म्हणजे मामींचं स्वयंपाकघर हळूहळू त्या गाडीत राहायला गेलं होतं. गाडी तीन ठिकाणी तेल गाळायची, म्हणून तीन पातेली तिच्याखाली कायमची मांडलेली. पेट्रोलचा पंप मधूनच रुसायचा आणि त्याला दोन ठोके दिल्याशिवाय बोलायचा नाही, त्यासाठी डिकीत खलबत्त्यातला बत्ता ठेवलेला. मामी शेंगदाणे तांब्याच्या बुडानं कुटत. एवढं होऊन त्या भांडत नसत. त्या फक्त आल्यागेल्याला चहा देताना, "कप आहेत अजून घरात," असं म्हणत.

आता संक्रांतीला दिल्लीतली पुष्कळ मराठी मंडळी पानिपतला जातात. तिथल्या स्मारकापुढे नारळ फोडायचा, मैदानात सतरंज्या अंथरून तिळगूळ वाटायचा, बायकांनी तिथेच हळदीकुंकू उरकायचं आणि संध्याकाळच्या आत परतायचं. मामांनी गाडी घेतली तेव्हाच जाहीर करून टाकलं की पानिपतला जाईन तर हिच्यातूनच. मग दरवर्षी पुढे मामामामी आणि मागे आम्ही दोघं, सरोजिनी नगरहून निघालेले, आमच्या छोट्या पांढऱ्या मारुतीत. आमच्याकडे पाण्याचे कॅन, जॅक आणि मामींचा दुसरा स्वेटर. पहिल्या वर्षी गाडी वाटेतल्या राई गावाशी बंद पडली. मग बहालगढला, मग लागोपाठ दोन वर्षं मुरथळला, तेही परोठ्यांच्या ढाब्यासमोर, त्यामुळे गाडीच्या हेतूबद्दल मला थोडा संशय आला होता. गाडी थांबली की मामी पिशवी उचलून आमच्या गाडीत येऊन बसत. आम्ही पानिपत करून परतीच्या वाटेवर मामांना गाठायचो, तर ते बंपरवर बसून ट्रकवाल्यांना लढाई समजावून देत असायचे. ते ट्रकवाले प्रत्येक वेळी सांगत, की बाबूजी, रेडिएटर टपकतोय तर हळद टाका, भोक बंद होतं. त्यावर मामा शुद्ध इंजिनियरी तुच्छतेनं म्हणत, "ही गाडी आहे, पिठलं नाही."

एका वर्षी तर पेट्रोलमध्ये कचरा निघाला आणि मामांनी ते मामींनी वाणासाठी घेतलेल्या चहाच्या गाळण्यांतून गाळलं. त्या संक्रांतीला ज्या सवाष्णींनी वाण घेतलं, त्यांच्या चहाची चौकशी करायचं धाडस आम्ही आजतागायत केलेलं नाही. आमच्या गाडीतून चला म्हणून मी दरवर्षी मामांची मनधरणी करत असे. पण त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "जावईबापू, सैन्य वाटेत टाकून सेनापतीनं पुढे जायचं नसतं." तर अशा रीतीनं मामी दरवर्षी पानिपत पाहून येत आणि मामा दरवर्षी पानिपत सांगत.

दरम्यान देशात नव्या गाड्या आल्या. किल्ली फिरवली की सुरू होणाऱ्या, थंडीत गरम आणि गरमीत थंड, खाली पातेलं न लागणाऱ्या. शेजाऱ्यांनी एकेक घेतली. मामा त्यांच्याकडे दयेनं बघत. "जिला आपली गरजच नाही, ती गाडी घ्यायची कशाला यार?" पण ते रिटायर झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली आणि गुडगावला एका नव्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तिथे पार्किंगची जागा एकच. मामींना साठीनंतर तरी छप्पर असलेली गाडी हवी होती, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? गिऱ्हाईकही चालून आलं. एका मॅरेज हॉलच्या मालकाला ही गाडी लॉनवर ठेवायची होती, नवरानवरीला बसवून फोटो काढायला. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "इंजिन तो निकलवा देंगे जी. तेल टपकता है, गलीचा खराब होगा." त्या दिवशी मामा जेवले नाहीत. संध्याकाळी मामींनीच तोडगा काढला. या संक्रांतीला गाडी पानिपतला पोचली तर तिला ठेवायची, नाही पोचली तर ती लॉनवर जाणार. मामांनी मान हलवली. मला तर तो निकालच वाटला.

पण त्या वर्षी गाडी जी निघाली ती राई, बहालगढ, मुरथळ मागे टाकत गेली. मुरथळला परोठ्यांचा वास आला तरी ती थांबली नाही. आम्ही मागून पाहत होतो. मामांचा मफलर फडफडत होता आणि मामी कानटोपी घालून, दोन शाली गुंडाळून, समोर नजर लावून बसल्या होत्या. पानिपतच्या अलीकडचं समालखा गेलं तेव्हा माझ्या बायकोनं माझा हात धरला. आणि त्यानंतर थोड्याच अंतरावर पुढच्या गाडीच्या नाकातून वाफेचा लोट उठला.

रेडिएटर गळत होता. पाणी ओतावं तसं खाली जात होतं. मामांनी बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं, पण नेहमीसारखा पाना मागितला नाही. फडक्याला हात पुसत म्हणाले, "जा तुम्ही. मी थांबतो. त्या हॉलवाल्याला उद्या फोन करून टाकू." मी आमच्या गाडीचं मागचं दार उघडून उभा राहिलो. मामी आल्या नाहीत. त्यांनी आपल्या पिशवीतून हळदीचा पुडा काढला आणि मामांच्या पुढे धरला.

"ओता."

"अगं, ही हळदीकुंकवाची आहे."

"तिथे नुसतं कुंकू लावीन. ओता म्हणते ना."

मामांनी एकदा पुड्याकडे पाहिलं, एकदा मामींकडे. पिठल्याचा विषय कुणी काढला नाही. रेडिएटर निवल्यावर त्यांनी हळद ओतली, वरून आमच्या कॅनमधलं पाणी ओतलं, आणि आम्ही चौघं त्या भोकाकडे बघत उभे राहिलो. थेंब पिवळे झाले, मग सावकाश झाले, मग थांबले. मामींनी बोटानं कुंकू घेऊन बॉनेटला एक टिळा लावला आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

स्मारकापाशी पोचलो तेव्हा ओळखीची मंडळी व्याख्यानाच्या तयारीनं मामांभोवती जमली. मामा हात जोडून उभे राहिले आणि एक अक्षर बोलले नाहीत. बऱ्याच वेळानं मामींना त्यांनी विचारलं, "तू दरवर्षी कुठे बसायचीस?" मामींनी मैदानाच्या कडेचं एक झाड दाखवलं. मामा तिथे जाऊन बसले, आणि मामी नुसतं कुंकू लावत फिरल्या.

पैजेचा तो डाव मामींना नुसतं गप्प बसून जिंकता आला असता. हे मामांना कळलं होतं की नाही, मला ठाऊक नाही. पण गुडगावला त्या एका पार्किंगमध्ये हिरवी गाडीच आली आणि छप्पर असलेली गाडी कधी आलीच नाही. मामी रिक्षानं फिरल्या. पुढे मामांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला आणि गाडी चालवणं बंद झालं. आता त्यांना फक्त उजेड आणि सावली तेवढी कळते.

तरी संक्रांतीला मी जातो. पंपाला बत्त्याचे दोन ठोके देतो, इंजिन सुरू करून देतो आणि बाजूला होतो. रेडिएटरचं पाणी बदलायला गेलो, तर ते अजून पिवळसर निघतं. मामा स्टिअरिंगवर हात ठेवून बसतात, शेजारी मामी, कानटोपी घालून. समोर सोसायटीची भिंत. मला त्या दोघांचा हेवा वाटतो, हे लपवण्यात काही अर्थ नाही. गेल्या संक्रांतीला मामांनी थोडा वेळ इंजिनाचा आवाज ऐकला, मान डोलावली आणि विचारलं, "कुठपर्यंत आलो गं?"

मामींनी भिंतीकडे पाहत शाल सारखी केली.

"समालखा गेलं," त्या म्हणाल्या. "आता मध्ये कुठे थांबू नका."