मोटारीतला दिवा

थोरले महाराज गादीवर असतानाची गोष्ट. कोल्हापुरात मी गुळाच्या एका अडत्याची मोटार हाकत होतो. मानमोडीच्या तापात मालकांची लेक गेली. शिरोळहून दवाखान्यात आणताना, वाटेतच, मागच्या सीटवर. आईच्या मांडीवर डोकं होतं तिचं. मी नुसता पुढं बघून गाडी पळवत होतो.

दुसऱ्या दिवसापासून बॅटरी उतरायला लागली. हॅन्डल मारून इंजिन चालवावं, बॅटरी भरावी, आणि सकाळी बघावं तर पुन्हा उतरलेली. पेठेतले लोक विचारायचे, "काय भाई, मोटारीला बी मानमोडी झाली की काय?" मला कुठलं हसू येतंय! मालक तर दुःखानं पेटलेलेच होते. "तूच दिवे लावून आत झोपतोस. आज कारण सापडलं न्हाय तर उद्यापासनं येऊ नगंस!" घरात खाणारी तोंडं, कमावणारा मी एकटा.

पुढची सगळी बटणं बंद केली. बॅटरीची तार सोडून परत टेकवली, तर ठिणगी! म्हणजे कुठंतरी वीज जात होती. मग एकेक तार सोडत गेलो. भोंग्याची सोडली, ठिणगी तशीच. पुढच्या दिव्यांची सोडली, तरी तशीच. शेवटी मागं पायाशी बसवलेल्या छोट्या दिव्याची सोडली, आणि ठिणगी थांबली. मागचे पडदे त्या दिवसापासून मी उघडलेच नव्हते. धीरच होत नव्हता.

तार जोडून पडदा सारला. पायाशी दुरडी पालथी घातलेली, फटींतून उजेड, भोवती पीठ पसरलेलं. या अल्ला! मी मुसलमान, पण जन्म याच पेठेतला. प्राण जातो तिथं पीठ पसरून, दुरडीखाली दहाव्यापर्यंत दिवा ठेवतात, हे मला कुणी सांगायला नको.

माझ्या मागं बाईसाहेब, पोरीची आई, उभ्या होत्या. "भटजींनी घरात लावलाय," त्या म्हणाल्या, "पण पोरीचा जीव हितं गेला की ओ. गाडीजवळ तेलाचा दिवा आणायचा न्हाय, असं तुम्हीच म्हणालता. म्हणून ह्यो लावला. तर रोज जातोय मेला."

मालक दारात आले होते. त्यांनी सगळं ऐकलं. कोट काढून ठेवला आणि स्वतःच हॅन्डल मारायला लागले. त्यानंतर आम्ही दोघं आळीपाळीनं इंजिन चालवत राहिलो. दिवा पुन्हा गेला नाही.

दहाव्याला पंचगंगेवरून मालक थेट गाडीखान्यात आले. अशा दिव्याला कुणी 'विझव' म्हणत नाही. "वाढव," एवढंच म्हणाले, आणि तोंड फिरवून रडायला लागले. बॅटरी पुरती भरलेली होती, दिवा लख्ख जळत होता. बटण मलाच बंद करावं लागलं.