राणीनं काय सांगितलं

वारंगा फाट्यावर पंक्चर काढणाऱ्या ग्यानोबाची लेक राणी दिल्लीला नेमकं काय करते, हे खुद्द ग्यानोबालाच धड ठाऊक नव्हतं. "पॉलिसी रिसर्च" एवढं त्यानं पाठ केलेलं. मग काय, फाट्यावरच्या लोकांनी आपापल्या विम्याचे कागद आणून त्याच्यापुढं टाकले. शेवटी राणीच वैतागली. "बाबा, विमा न्हाई. देशाच्या सुरक्षेचा अभ्यास. लढाई, फौज, शेजारचे देश." हे ऐकून तर गडी पारच चक्रावला. लढाई फौजी करतात, मग हिनं खुर्चीत बसून अभ्यास करायचा तरी कशाचा?

शेजारचा ढाबेवाला उत्तमसिंग मात्र हरखला. त्याचा पोरगा कुलदीप सीमेवर शिपाई. लग्न ठरलेलं, आणि टीव्हीवर रोज लढाईच्या बाता. नवरीकडचे मागं लागले होते, तारीख पक्की करा न्हाईतर पुढं ढकला.

"तुझ्या राणीला विचार ना, ग्यानोबा. लढाई व्हईल का न्हाई?"

राणीनं फोनवर पुष्कळ सांगितलं. दबाव, इशारे, तणाव. ग्यानोबाच्या सगळं डोक्यावरून गेलं.

"माय, व्हय का न्हाई, तेवढं सांग."

"सध्या तरी न्हाई वाटत, बाबा."

तो ढाब्यावर गेला. उत्तमसिंग रोटी भाजायची सोडून त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. त्या माणसापुढं 'सध्या तरी' म्हणायला ग्यानोबाची जीभ काही उचलेना.

"न्हाई म्हणती," तो बोलून मोकळा झाला. उत्तमसिंगनं त्याच दिवशी मंडप सांगितला.

हळदीच्या तोंडावर कुलदीपचा फोन आला. सुट्ट्या रद्द. ग्यानोबा ताटावरून उठला. पोरीनं बराबर सांगितलं होतं, मग चुकलं कोण? आपण, का सरकार, का ते शेजारच्या देशाचे? त्याला काही उमगेना. शिव्या खायची तयारी ठेवून तो दुकानात बसून राहिला.

संध्याकाळी उत्तमसिंग आला आणि शेजारच्या टायरवर टेकला.

"तुझ्या पोरीला बोल लावू नको बरं. ती खरंच बोलली असंल. सरकारनंच तिचं ऐकलं न्हाई." मग खालच्या आवाजात म्हणाला, "आता एवढंच विचार तिला. पोरगं माघारी येईल का न्हाई?"

ग्यानोबानं फोन लावला. आधी स्पीकर चालू केला, मग विचारलं. आणि फोन उत्तमसिंगच्या हातात दिला, या खेपेला तिचा शब्दन् शब्द त्यानंच ऐकावा म्हणून.