काय खबर, विलेमसाहेब?

मस्कतमध्ये एसीचा फिल्टर आज धुऊन लावा, पुढच्या शुक्रवारी बघा, धूळ परत हजर! एसी कंपनीतल्या किश्शांचंही तसंच. मी आमच्या कुरुमच्या ऑफिसात ॲडमिनला होते. म्हणजे सगळ्यांच्या रजा, व्हिसा, तिकिटं आणि रडगाणी माझ्याच टेबलावरून जायची. परवा वसईला मैत्रिणींना एक किस्सा सांगायला बसले, तर त्याच्यामागून दुसरा निघाला, मग तिसरा. बहुतेक सगळे एकाच वर्षाचे. त्या वर्षी आमच्यातल्या दोघांच्या मुक्कामावर गदा आली होती.

पहिले विलेमसाहेब, आमचे चीफ इंजिनियर. मूळचे हॉलंडचे, पण तरुणपणी आले ते इथलेच झाले. अल खौदला घर, दारात खजुराची झाडं, मागे-पुढे कुणी नाही. साठी जवळ आलेली, आणि साठीनंतर व्हिसा म्हणजे कंपनीची मर्जी आणि आपलं नशीब.

दुसरे दळवी, वादी कबीरच्या वर्कशॉपचे फोरमन, खेडकडचे. कंपनीत नियमाप्रमाणे जितके ओमानी हवेत, त्यात एक कमी पडत होता. तो भरेपर्यंत इतर कुणाचा व्हिसा रिन्यू नाही! दळवींचा संपत आलेला, आणि मुलगी बारावीला. ऐन परीक्षेच्या तोंडावर पोरीला उचलून न्यायचं कुठे?

आमचा नासर ओमानी माणूस शोधून शोधून दमला. नासर कंपनीचा पीआरओ, सरकारी ऑफिसांच्या खेपा घालणारा, स्वतः ओमानी. एक चांगला मुलगा मिळाला, दळवींनी त्याला जीव लावून काम शिकवलं, आणि त्याला सरकारी नोकरी लागली! जाताना बिचारा हलव्याचा मोठा डबा देऊन गेला. दळवी म्हणाले, "सुझनबाई, तुम्हीच खा. माझ्या घशाखाली उतरायचा नाही."

* * *

आखातात सगळ्यांचं एक वाक्य पाठ असतं, "बस, पुढच्या वर्षी कायमचं गावी!" दळवी तर ते दर गणपतीला म्हणायचे. मी नोकरीला लागले तेव्हाही म्हणत होते, आणि माझ्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हाही.

एकदा जेवताना तोच विषय निघाला. विलेमसाहेब माझ्या डब्यातलं सुकटीचं कालवण खात होते. दळवींनी विचारलं, "साहेब, तुम्ही कधी परत जाणार?" (आमचं सगळं बोलणं मस्कती हिंदीत. तुम्हाला मराठीत सांगते.)

साहेब म्हणाले, "परत म्हणजे कुठे?"

आम्ही हसलो, पण ते हसत नव्हते. मग शांतपणे म्हणाले, "मी इथलं नागरिकत्व मागतोय. जुना पासपोर्ट परत करावा लागेल. करीन."

दळवींचा घास हातातच राहिला. "अहो, आमचे अर्धे लोक तुमच्या पासपोर्टसाठी देव पाण्यात बुडवून बसलेत, आणि तुम्ही तो देऊन टाकणार? द्यायचाच असेल तर आधी ऑफिसात विचारायचं तरी!"

* * *

पासपोर्टवरून आठवलं. आमच्या अकाउंट्समधल्या गोव्याच्या मुलाला आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला. झालं! जो तो मला विचारायला लागला, "सुझन, तुम्ही वसईचे ख्रिश्चन, पोर्तुगीजांचंच राज्य होतं ना तिथे? मग तुम्हीपण टाका की अर्ज!"

मी आठवडाभर ऐकून घेतलं. शेवटी दळवी विचारायला आले तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, "दळवी, तुम्ही तर बोलूच नका! आमचे पोर्तुगीज नीट राहत होते वसईला. तुमच्या पेशव्यांनी त्यांना घालवलं. नाहीतर मी आज युरोपियन असते!"

दळवी जरा विचार करून म्हणाले, "सॉरी बाई. तेव्हा तुमचं काही काम अडेल असं वाटलं नाही आम्हाला."

* * *

आता विलेमसाहेबांची एक खोड सांगते. ओमानी माणसं भेटली की एकदम कामाचं बोलत नाहीत. आधी सलाम, तब्येत, मुलंबाळं, आणि मग विचारायचं, "काय खबर?" समोरच्याने छातीवर हात ठेवून म्हणायचं, "काही खबर नाही, अल्हम्दुलिल्लाह." मग त्याने उलट विचारायचं, ह्याने तेच सांगायचं. घरावर काहीही कोसळलेलं असो, पहिलं उत्तर हेच! खरी बातमी नंतर. साहेबांनी ही रीत अशी अंगी बाणवली होती की नासरसुद्धा घड्याळ बघायचा.

एका दुपारी मी साहेबांच्या केबिनमध्ये असताना दळवींचा फोन आला. साहेबांनी स्पीकरवर टाकला.

"साहेब! वर्कशॉपमध्ये—"

"अस्सलाम आलेकुम, दळवी. तब्येत कशी?"

"बरी आहे साहेब, इकडे—"

"घरचे? मुलीचा अभ्यास?"

"चाललाय! साहेब—"

"काय खबर?"

पलीकडे दळवींनी दातओठ खाल्लेले मला ऐकू आले. "काही खबर नाही, अल्हम्दुलिल्लाह! वर्कशॉपला आग लागलीय!"

आग तशी किरकोळ होती, दोन जुने कॉम्प्रेसर गेले. पण दळवींचा राग महिनाभर विझला नाही. "लोकांची रीत लोकांना शोभते," म्हणायचे. "मला कुणी खबर विचारली तर मी खबरच सांगणार!"

* * *

नागरिकत्वाला अरबी नुसती बोलून चालत नाही, लिहिता-वाचता यायला हवी. साहेब बोलायचे फर्डं, पण अक्षरांच्या नावाने बोंब. मग साठीच्या उंबरठ्यावर अक्षरं गिरवायला बसले. आणि सरावासाठी काय, तर गाडी चालवताना रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्यांदा वाचायची!

एकदा अल खौदच्या एका व्हिलाचा एसी बंद पडला. जून महिना, घरात तान्हं बाळ. साहेब आणि दळवी कुरुमहून निघाले. तासाभराने त्या बाईंचा मला फोन, "कुठे आहेत तुमची माणसं?" मी दळवींना फोन लावला.

"बाई, आम्ही बरक्याला पोचलोय."

"बरक्याला? अहो, अल खौद केव्हाच मागे गेलं!"

"गेलं ना! पण साहेबांचं आधीच्या पेट्रोल पंपाचं वाचून झालं नव्हतं."

पुढे साध्या कपड्यांतला एक पोलीस साहेबांच्या अर्जाच्या चौकशीला ऑफिसात आला. माणूस कसा आहे, वागणूक कशी, भांडणतंटा काही? मी तोंडभरून सांगितलं. मग त्याने दळवींना विचारलं, "गाडी कशी चालवतो?"

दळवी गणपतीची शपथ घेतल्यासारखे ताठ उभे राहिले. "चालवत नाही सर. वाचतो."

चौकशीवाला हसला की नाही ते आठवत नाही. मी मात्र पँट्रीत जाऊन हसून घेतलं, आणि मग धास्तावले. ह्या एका वाक्याने साहेबांचं काम बिघडलं असतं तर?

* * *

मग नुसती वाट बघणं. दळवींनी घरात खोके भरायला घेतले. दर गणपतीला गावी जायची भाषा करणारा माणूस, पण एकेक खोका भरायला दोन-दोन दिवस लावायचा, असं दळवीवहिनी सांगायच्या. मला म्हणाले, "बाई, आपण जाणं वेगळं आणि जा म्हणणं वेगळं." मला फार वाईट वाटलं. मी चहा मागवला.

आणि एके सकाळी विलेमसाहेब आणि नासर सरकारी ऑफिसातून परत आले. आम्ही दोघं दारातच.

"साहेब, काय झालं?" दळवी.

"अस्सलाम आलेकुम."

"वालेकुम सलाम! झालं का?"

"तब्येत कशी? घरचे?"

मी म्हटलं, "साहेब, आता माझा बीपी वाढेल!" पण नाही! सगळं रीतसर झालं. काही खबर नाही, अल्हम्दुलिल्लाह, हेसुद्धा झालं. मग खुर्चीत बसून, पाणी पिऊन साहेब म्हणाले, "हां, एक गोष्ट आहे. आजपासून ह्या खोलीत परदेशी तुम्ही दोघंच."

मी रडलेच. नासरने साहेबांना मिठी मारली, आणि मध्येच थांबून बोटं मोजायला लागला. मोजून झाल्यावर ओरडला, "यल्ला दळवी, खोके उघड! आपला एक ओमानी भरला!"

दळवींनी खोके उघडले नाहीत. म्हणाले, "लेबर खात्याचा इन्स्पेक्टर येऊन बघू दे. मग."

* * *

इन्स्पेक्टर आला वादी कबीरच्या वर्कशॉपवर. यादीत विलेम नाव वाचून त्याला संशय आलेलाच होता. घाईत होता, बसलाही नाही. "तुमचा नवा ओमानी दाखवा."

नासरने शिडीकडे बोट केलं. वरून आधी ग्रीसने माखलेले बूट उतरले, मग निळा बॉयलर सूट, आणि शेवटी विलेमसाहेबांचा लालबुंद चेहरा.

इन्स्पेक्टरने एकदा नासरने पुढे केलेल्या ओमानी कार्डाकडे बघितलं, एकदा साहेबांच्या निळ्या डोळ्यांकडे. "हा?"

साहेबांनी हात पुसला, पुढे केला. "अस्सलाम आलेकुम. तब्येत कशी? वडील बरे आहेत? मुलंबाळं? गावाकडे पाऊसपाणी?"

आता समोरून अशी विचारपूस झाल्यावर ओमानी माणूस उभ्या उभ्या थोडाच निघून जाणार? इन्स्पेक्टरने फाईल मिटली. खाली बसला. वडील बरे, मुलं बरी, पाऊस थोडा झाला. मग त्याने विचारलं, साहेबांनी सांगितलं. दळवी थर्मासमधून कहवा ओतत होते, आणि मी मनातल्या मनात माळेचा जप करत होते.

"काय खबर?" शेवटी इन्स्पेक्टरने विचारलं.

साहेबांनी छातीवर हात ठेवला. "काही खबर नाही, अल्हम्दुलिल्लाह."

इन्स्पेक्टरने कार्ड साहेबांच्या हातात परत ठेवलं. मग नासरकडे वळून म्हणाला, "लिहा. हा ओमानी आहे. तुमचे अडकलेले व्हिसे मोकळे."

दळवींनी कहव्याचा कप पुढे केला. इन्स्पेक्टरने वर बघितलं, कप घेतला, आणि सहज विचारलं, "आणि तू? तुझी काय खबर?"

मी म्हटलं, झालं! आता हा माणूस मुलीची बारावी, बांधलेले खोके, सगळं सगळं सांगणार. दळवींचे डोळे भरलेले. मग त्यांनी थर्मास खाली ठेवला आणि उजवा हात छातीवर ठेवला.

"काही खबर नाही," दळवी म्हणाले. "अल्हम्दुलिल्लाह."