इन ड्यू कोर्स

जालन्याच्या आमच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका चारच, पण किस्से चाळीस जणींना पुरतील एवढे! संध्याकाळी घरी बोलायला कुणी नसलं की एकेक आठवतो.

शाळेचं छप्पर गळायचं. मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी माझ्याकडेच, म्हणून अर्ज मी लिहिला. कचेरीतून इंग्रजीत उत्तर आलं, "दुरुस्ती इन ड्यू कोर्स होईल."

हेडबाईंनी विचारलं, "म्हणजे कधी?"

"योग्य वेळी."

"ती कोण ठरवणार?"

"ज्यानं लिहिलं तो."

हेडबाईंनी बादली मागवली!

मग शाळेत सगळं इन ड्यू कोर्सच होऊ लागलं. उर्दू शिकवणाऱ्या सकिना आपांना मी म्हटलं, "आपा, शेवया?" "इन ड्यू कोर्स!" दुसऱ्याच दिवशी डबा घेऊन हजर. "देखो, सरकारपेक्षा जल्दी आणल्या!"

आमची आया गोदाबाई. घंटेला उशीर झाला म्हणून हेडबाई ओरडल्या, तर ही शांतपणे म्हणते, "देऊन राह्यले ना बाई, इन डू कोर्स!"

माझे यजमान हैदराबादला कारकून होते. खोली मिळाली की नेतो, म्हणून गेलेले. मी हौसेनं त्यांना इंग्रजीत पत्र लिहिलं, कधी नेता? त्यांचंही इंग्रजीत उत्तर आलं. "तुला इन ड्यू कोर्स बोलावून घेईन."

शिक्षकांच्या खोलीत मी ते हसत हसत वाचून दाखवलं. कुणीच हसलं नाही. त्या दिवसापासून शाळेत ते शब्द बंद झाले. तसं कुणी ठरवलं नव्हतं.

पुढे नववीला मीच ते शब्द शिकवले आणि वाक्यात उपयोग करायला सांगितला. जाफराबादच्या एका मुलीनं लिहिलं, "आमच्या बाई इन ड्यू कोर्स हैदराबादला जातील."

वाक्य बिनचूक होतं. पैकीच्या पैकी मार्क दिले.

अर्जानंतर नऊ वर्षांनी छपरावर नवे पत्रे चढले. त्याच आठवड्यात यजमानांचं कार्ड आलं, या वेळी मराठीत. "खोली मिळाली आहे. जेवणाचे हाल होतात. ताबडतोब निघून ये."

मी उत्तरासाठी जोडून आलेल्या कोऱ्या जोडकार्डावर तीनच इंग्रजी शब्द लिहिले, खाली सही केली आणि हेडबाईंपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"म्हणजे कधी गं?"

मी काही बोलायच्या आत सकिना आपांनी कार्ड उचलून गोदाबाईच्या हातात दिलं.

"जा, डाकेत टाक. कधी ते लिखनेवाली जाने!"