तिसरं पान

तिला पाठीमागे सगळे 'नाकमुरडी' म्हणत, आणि हे तिला ठाऊक होतं. तिचं म्हणणं एवढंच, की ज्याला नाक आहे तोच ते मुरडणार. ती वजनमापांच्या कचेरीत नोकरीला होती. दुकानदारांच्या तराजूंतली खोट काढणं हा तिचा पगारी धंदा, आणि माणसांतली खोट काढणं हा बिनपगारी.

बाकी वेळ ती हार्प वाजवायची. उभ्या माणसाच्या डोक्याला लागेल एवढं उंच ते वाद्य. हात तारांवर, पाय खालच्या, सूर चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या सात पेडलांवर, अशी दुहेरी कसरत. तिचं मंडळ तिघा हार्पवाल्यांचं होतं: ती, तिची धाकटी जाऊ आणि एक दंतवैद्य. तालमी दंतवैद्याच्या दवाखान्यावरच्या खोलीत होत. जाऊ चाळिशी उलटल्यावर शिकायला लागलेली, तीही हिच्याच हाताखाली. दोघींची बिऱ्हाडं एकाच घरात, जाऊ वर आणि ही खाली. त्यामुळे एकीचा सराव दुसरीच्या कपाळी.

वार्षिक कार्यक्रमासाठी नवी रचना निवडायची होती. दंतवैद्यानं एक गोड चाल आणली. ती ऐकून नाकमुरडी म्हणाली, की यानं श्रोत्यांचे दात किडतील, तुमची मात्र चांदी होईल. जावेनं एक संथ, दीड पानाची रचना पुढं केली. नाकमुरडीनं तो कागद मेलेलं झुरळ उचलावं तसा चिमटीत धरला आणि सांगितलं, की हे पहिल्या वर्षाच्या मुलांना देतात, तेही ती आजारी असली तर. मग तिनं स्वतःच्या पिशवीतून एक पाचपानी रचना काढली. तिच्या तिसऱ्या पानावर हातांना उसंत नव्हती आणि पायांना तर त्याहून नव्हती. पेडल बदलून होतंय तोच पुढचं बदलायचं. दंतवैद्य ते पान बघून गप्पच झाला. गप्प बसणं म्हणजे होकार असं धरून तिनं प्रती वाटून टाकल्या.

सराव सुरू झाला. वर जाऊ एकच ओळ घेऊन बसायची. आधी नुसते पाय, मग नुसता डावा हात, मग दोन्ही. नाकमुरडीच्या मते ते वाजवणं नव्हतं, तारा पुसणं होतं. ती स्वतः पहिल्यापासून पूर्ण वेगात सुटायची. पहिली दोन पानं झोकात जात. तिसऱ्यावर पाय पेडल शोधेपर्यंत हात पुढच्या गावाला पोचलेले असत. मग ती तळव्यानं तारा दाबून आवाज बंद करायची, पेडल घासतंय म्हणून हार्प दुरुस्त करणाऱ्या कारागिराला शिव्या घालायची आणि परत पहिल्या पानावर यायची. नवरा शेजारी शब्दकोडं सोडवत बसे. एकदा तो म्हणाला, तिसऱ्यापासूनच सुरुवात करून बघ ना. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो परत कोड्यात शिरला.

तालमीत तिघंही त्याच पानावर आडवे होत. दंतवैद्य चष्म्याला दोष देई. जाऊ सरळ सांगे, की मला अजून येत नाही. असली कबुली नाकमुरडीला निर्लज्जपणाची वाटे.

शेवटच्या तालमीत तिनं कागद मिटले.

"हे पान मला कधीच पटलं नव्हतं," ती म्हणाली. "रचनेचा कणा इथंच मोडतो. दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर जाऊ."

दंतवैद्यानं बुडत्यानं काडी पकडावी तशी मान हलवली. जावेनं तिसऱ्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला.

कार्यक्रमात टाळ्यांचा कडकडाट झाला. एका बाईंनी तर येऊन डोळे पुसले. नाकमुरडी हसून आभार मानत राहिली आणि मनात म्हणाली, गाढवाला गुळाची चव काय! पान गेलं तरी एकाही शहाण्याला पत्ता नाही.

घरी येताना नवऱ्यानं विचारलं, "तिसरं पान कुठं गेलं?"

"ते तितकंसं चांगलं नव्हतं."

"मला आवडायचं ते," तो म्हणाला.

आता वर शांतता होईल अशी तिची अपेक्षा होती. पण जावेचं तिसरं पान चालूच राहिलं. शेवटी न राहवून तिनं जिन्यातच जावेला गाठलं.

"कार्यक्रम झाला की गं. आता कुणाला ऐकवणार आहेस?"

"कुणालाच नाही, वहिनी. येत नव्हतं, म्हणून बसते."

घरात येऊन ती नवऱ्याला म्हणाली, की काही लोकांना रिकामपण फार असतं.

पुढं एका सुटीच्या दुपारी ते पान छतातून सलग खाली आलं, कुठंही न अडखळता. नवऱ्यानं पेन्सिल खाली ठेवली. नाकमुरडी उठली आणि जिना चढू लागली. चढता चढता तिनं त्या वाजवण्यातल्या तीन खोटी गोळा केल्या. दाराशी उभी राहून तिनं पुन्हा ऐकलं, तेव्हा तिन्ही गळून पडल्या.

जावेनं हात थांबवून वर पाहिलं.

"वरून चौथी तार उतरलीय तुझी," नाकमुरडी म्हणाली.

जावेनं ती छेडली. खरंच उतरली होती. ती उठली आणि सूर लावायची किल्ली घेऊन तार पिळू लागली. नाकमुरडी चौकट धरून ऐकत राहिली. "अजून. अजून थोडी. बस."

ती खाली आल्यावर नवऱ्यानं विचारलं, कसं वाजवलं तिनं?

"तार उतरली होती," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.